कुंद्यावरचा रोग

कुदळ जमिनीत अर्धीच शिरली आणि अडकली. बेबाबाईनं पाय रोवून दांडा मागं ओढला. ढेकूळ उलटलं, पण कुंद्याच्या तणाची मुळी काही सुटली नाही. करंगळीएवढी जाड, गाठीगाठीची, पिवळट मुळी तशीच खाली उतरत गेली होती. तिनं कुदळ बाजूला टाकली, गुडघ्यावर बसली आणि बोटांनी माती उकरायला लागली. हात कोपरापर्यंत आत गेला तरी टोक लागेना. शेवटी मुळी मध्येच कचकन तुटली. तुटली म्हणजे सकाळपासूनची मेहनत पाण्यात. खाली राहिलेल्या तुकड्याला ओल लागायचा अवकाश, की त्याच जागी पुन्हा हिरवा कोंब.

"तुटनी?" पलीकडच्या ओळीतून चुडामणनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

"तुटनी."

त्याच्याही पायाशी तुटक्या मुळ्यांचा ढीग पडला होता. अजून ज्येष्ठाचं ऊन होतं आणि काळी जमीन भेगाळून दगडासारखी झाली होती. बेबाबाईच्या तळहाताचे फोड फुटून पुन्हा आले होते. कुंदा खोदायला गावातलं माणूस मिळत नव्हतं. मागच्या साली दोन बाया लावल्या, त्या दुपारीच कुदळी खांद्यावर टाकून निघून गेल्या. "हाई बाईमानूसनं काम नही शे वं," म्हणाल्या.

गिरणेच्या काठचं बोरटेक हे गाव. भडगावचा बाजार त्याला जवळ. बापाच्या माघारी वाटणी झाली तेव्हा बांधाच्या वरच्या अंगाची जमीन थोरल्या भाईदासकडं गेली, खालच्या अंगाची चुडामणकडं. तेव्हा या वावरात कुंद्याची काडी नव्हती. एका पुरात नाला फुटला आणि वरून कुठून तरी गाळ घेऊन आला. लोक म्हणाले, नशीब काढलंस, सोन्यासारखा गाळ आला. दुसऱ्या पावसाळ्यात त्या गाळातून कुंदा उगवला. पहिल्या साली चुडामणनं त्यावर नांगर घातला. नांगरानं मुळ्यांचे तुकडे करून वावरभर पेरले. तिथून पुढं दरसाल कपाशी मागं सरकत गेली आणि कुंदा पुढं येत गेला. आता नाल्याकडचा सगळा उतार त्यानं धरला होता, आणि बांधाच्या कडेनं तो भाईदासच्या अंगालाही शिरला होता. भाईदास दर गुढीपाडव्याला त्यावरून बोलायचा. घरात बेबाबाई आणि चुडामण दोघंच होते, पोर मागच्या साली सासरी गेलेली. दोन माणसांच्या हातांनी तो कुंदा आटोपणारा नव्हता.

श्रावणात निकुंभ साहेब आला. शेतकी संशोधन केंद्रातला माणूस, वयानं तरणा, अंगानं काटकुळा, राजदूत मोटारसायकलवर खोकं बांधून हिंडणारा. मागच्या भादव्यात तो कपाशीवरची कीड बघायला म्हणून शिवारात आला होता, तेव्हा नाल्याच्या तोंडाशी कुंद्याचं एक बेट वाळून करडं झालेलं त्याला दिसलं.

"याच्यावर कोणी औषध मारलंय का?" त्यानं तेव्हा विचारलं होतं.

"कोनी नही. आपलं आपलंच सुकायनं," चुडामण म्हणाला होता.

साहेबानं त्यातली काही ताटं मुळासकट उपटून कागदात गुंडाळून नेली होती. आता तो परत आला होता आणि त्याच्या खोक्यात कापसाचे बोळे लावलेल्या रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या होत्या. आत करड्या, मऊ लवेनं झाकलेलं काहीतरी.

"ही बुरशी. तुमच्याच नाल्यावरची," तो निंबाखाली बसून सांगत होता. "मी बाहेरून काही आणलेलं नाही. त्या वाळलेल्या कुंद्यातून काढली आणि वाढवली. पावसाळी हवेत कुंद्यावर मारायची. पान करपतं, बुडखा सडतो, मुळी कमजोर होते. निदान होईल असं मला वाटतं."

बेबाबाई चहाची कपबशी ठेवायला वाकली होती, ती तशीच थांबली. "रोग वाढाडाना धंदा शे का हाऊ?"

साहेब हसला, आणि तिच्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. "कुंद्याला रोग, वहिनी. पिकाला नाही. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, सगळ्यांच्या रोपांवर मारून बघितलं. कुंड्यांमध्ये."

"कुंडीमा आनि वावरमा फरक शे, साहेब," चुडामण म्हणाला.

"म्हणून तर वावर मागतोय."

चुडामणनं नाल्याकडं बघितलं. मग त्यानं बेबाबाईकडं बघितलं. तिनं आपले तळहात एकमेकांवर दाबून धरले होते. "मारू द्या," ती म्हणाली. "आखो काय वाईट व्हई?"

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, साहेबानं बाटल्यांत पाणी घालून हलवलं आणि ते बादलीवर फडकं बांधून गाळायला घेतलं. फडक्यावर दाणे उरले. नेमका तेव्हाच भाईदास बांधावर आला. उंच, थोराड माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. सगळं गाव त्याला नाना म्हणायचं. बेबाबाईनं पदर पुढं ओढला आणि पाठ फिरवून उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून जेठाच्या, थोरल्या दिराच्या, समोरासमोर ती कधी बोलली नव्हती.

"साहेब, हाई काय शे?"

"बुरशी आहे, नाना. कुंदा मारायची."

"ते कयनं. फडकावर काय शे?"

"ज्वारीचे दाणे." साहेब क्षणभर थांबला. "शिजवलेले. त्यांच्यावर ती वाढवावी लागते."

भाईदास बांधावरून खाली उतरला. त्यानं फडक्यावरचे दोन दाणे चिमटीत उचलले, डोळ्याशी नेले आणि खाली टाकून धोतराला हात पुसला.

"जवारीवर वाढस. मंग उभी जवारीले खावाव नही का?"

"शिजवलेला दाणा मेलेला असतो. शिळ्या भाकरीवरसुद्धा बुरशी येते, पण म्हणून ती—"

"भाकरनी गोट मनाजोडे नका करू." भाईदासनं साहेबाकडं पाठ केली. बांधाच्या वरच्या अंगाला त्याची ज्वारी मांडीएवढी झाली होती, काळीभोर, एकसारखी. तिच्याकडं हात करून तो भावाला म्हणाला, "चुडामण, तुना वावरना वारा मना वावरमा येस. ध्यानमा ठेव."

तो गेला. चुडामणनं फवारणीचा पंप पाठीवर घेतला. अर्ध्या उतारावर त्याला खोकल्याची ढास लागली, तेव्हा बेबाबाईनं पंप आपल्या पाठीवर घेतला. ओझ्यानं पट्टा खांद्यात रुतला, गळणारं पाणी पाठीवरून कमरेपर्यंत उतरलं. दिसेनासं होईपर्यंत ती मारत राहिली.

पुढं पावसानं भुरभुर धरली. ऊन नाही, वारा नाही, रात्रंदिवस नुसता ओलावा. भिंतींना ओल चढली, चुलीतली काटकी पेटेना. कुंद्याच्या पानांवर आधी राखेच्या रंगाचे ठिपके आले, मग ते लांबट होत गेले आणि पानं टोकाकडून वाळायला लागली. चुडामण सकाळी उठला की चूळ भरायच्या आधी वावरात जायचा. एक दिवस तो कुंद्याचं एक ताट घेऊन घरी आला. बुडखा काळा पडला होता, दाबला की पाणी सुटत होतं.

"देख," तो म्हणाला. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

भाईदासची बायको धुरपदाबाई मागच्या दारानं आली ती पोळ्यानंतर. जावाजावांचं वाटण्या होऊनही बरं होतं; भावांचं फारसं पटत नसलं तरी ताकाचा तांब्या इकडून तिकडं जायचा. आज तिच्या हातात तांब्या नव्हता. ज्वारीचं पान होतं.

"बेबे, हाई देख."

पानावर लालसर पुरळ उठलं होतं, घामोळ्या उठाव्यात तसं. बेबाबाईनं ते हातात घेतलं.

"कोठे शे हाई, अक्का?"

"बांधवरली बठ्ठी जवारी आशी शे." धुरपदाबाई उंबऱ्यावरच उभी राहिली, आत आली नाही. "ते भलता तपेल शेत. मी सांगाले उनू, बस. आपले खावाले काय ऱ्हाई वं?"

ती गेल्यावर बेबाबाई पान हातात घेऊन बसून राहिली. चुडामणला दाखवावं की नको, हे तिला ठरवता येईना. दाखवायची गरजच पडली नाही. दुपारी तो पारावरून आला तो सरळ बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला.

गावाला बोलायला दुसरा विषय उरला नाही. चुडामणनं रोग विकत आणून पेरला. सरकारच्या माणसानं त्याला फितवलं. हापशावर बेबाबाई गेली की बोलणं थांबायचं. एक दिवस लताबाईनं, जिच्या बाळंतपणात बेबाबाई रात्रभर जागली होती, तिची बादली पायानं बाजूला सरकवली.

"आमनं व्हवू दे पयले. तुना हातले तो रोग लागेल शे."

बेबाबाई मागं सरली. सगळ्यांचं पाणी भरून होईपर्यंत उभी राहिली. मग तिनं हापसा एवढ्या जोरानं मारला की पाणी बादलीच्या बाहेर पडत होतं.

दुसऱ्या दिवशी गावची गुरं राखणारा चिंधा दाराशी आला. म्हैस सोडायला नाही, सांगायला. त्याची नजर खाली होती. "लोके नही म्हनतस, वहिनी. तुमनी म्हैस तो कुंदा खास. बाकीना ढोरेसमा नको म्हनतस." बेबाबाई म्हशीला स्वतः नाल्यावर न्यायला लागली.

आणि मग एके सकाळी गावातल्या मगनचा नांगर जोडलेला ट्रॅक्टर वावराच्या रस्त्याला वळला. मगनच्या मागं भाईदास, गावातले म्हातारे उखर्डू आबा आणि आणखी माणसं, चिखलातून पाय उपसत. चुडामण आणि बेबाबाई कपाशीत होते. निकुंभ साहेबही आला होता. तो कुंद्याच्या कडेला बसून पानं मोजत होता. दुसऱ्यांदा मारायचं म्हणून बाटल्यांचं खोकं आणि कालवून तयार केलेला पंप शेजारीच होता.

"चुडामण, हाई नांगरी टाकनं शे," भाईदास सगळ्या उतारावरून हात फिरवत म्हणाला. "बठ्ठं. आज."

"नाना, नांगर फिरना तर कुंदा आखो पसरी. तुमले माहीत शे."

"कुंदा पसरू दे. कुंदा खाई कोनी मरस नही. जवारी गयी तर मरतस."

साहेब उठून पुढं आला. "मला तुमच्या ज्वारीची पानं द्या. मी तपासतो. दोन दिवस द्या मला."

"तुमनी तपासनी आमी देखी लिधी," मगन म्हणाला, आणि त्यानं खोक्याला लाथ घातली. बाटल्या एकमेकींवर आपटून फुटल्या. काच आणि लव लागलेले दाणे चिखलात पसरले. साहेब गुडघ्यावर बसला आणि काचा वेचायला लागला. कोणी त्याला उठ म्हणालं नाही, कोणी वेचायलाही गेलं नाही. त्याच्या बोटातून रक्त यायला लागलं तरी तो वेचत राहिला.

चुडामण भावाकडं बघत होता. त्याची मान हळूहळू खाली गेली. बेबाबाईला ती मान माहीत होती; वाटणीच्या वेळी नाल्याकडची जमीन गळ्यात पडली तेव्हाही ती अशीच खाली गेली होती.

"फिरा नांगर," तो म्हणाला.

मगन ट्रॅक्टरवर चढला.

"थांबा, नाना."

सगळ्यांनी वळून बघितलं. बेबाबाईच्या डोक्यावर पदर होता, पण तोंडावर नव्हता. ती भाईदासच्या समोर उभी होती.

"तुमनी जवारीवरला रोग आमना कुंदावरतून उना, आसं तुमनं म्हननं शे. मंग मनी जवारीवर मी तोच रोग मारस. तुमना डोयासमोर. लागना तर मी सोता नांगर लावसू. नही लागना तर आठे कोनी पाय ठेवानं नही."

"बेबे!" चुडामण ओरडला.

ती पंपाकडं गेली होती. साहेब रक्ताळलेला हात झटकत तिच्यामागं धावला. "वहिनी, ऐका. हे कुंद्यासाठी दाट कालवलंय. एवढं दाट मी ज्वारीवर कधी मारलेलं नाही. त्यात ही ओल..."

बेबाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "लागी का?"

साहेबाचे ओठ हलले. "नाही लागणार," तो म्हणाला. पण म्हणायला त्याला वेळ लागला, आणि तो वेळ तिथल्या प्रत्येकानं बघितला.

तिनं पंप पाठीवर चढवला. विहिरीच्या वाटेला त्यांची ज्वारीची पट्टी होती. वर्षाचं खाणं आणि म्हशीचा कडबा, दोन्ही त्या पट्टीत. ती आत शिरली. ओली पानं गालाला, मानेला कापत होती. ती खालून वर, वरून खाली, पान न् पान भिजवत गेली. विहिरीच्या अंगाची थोडी ज्वारी राहिली तेव्हा पंप कोरडा फुसफुसला. ती बाहेर आली आणि पंप भाईदासच्या पायाशी ठेवला.

उखर्डू आबा खोकले. "भाईदास, बाईनी सोतानं ताट पुढे करं. आते थांबनं पडी. कनीस भरावलगून देखूत." कणसं भरेपर्यंत थांबायचं ठरलं आणि मगननं ट्रॅक्टर माघारी वळवला.

घरी चुडामणनं भाकरीला हात लावला नाही.

"मले इचारं व्हतं का?"

"तुमी 'फिरा नांगर' म्हनात. मले इचारं व्हतं का?"

तो उठून ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं कामापुरतं उरलं. म्हशीला पाणी दिलं का. विळा कुठं आहे. चुडामण सकाळचं कुंदा बघायला जायचा तो बंद झाला. बेबाबाई मात्र दिवस उगवताच ज्वारीत जाऊन उभी राहायची. एकेक पान उलटायची, पालटायची. पानं स्वच्छ असली की तिला भूक लागायची. दुपारपर्यंत ती भूक जायची आणि उद्या काय दिसेल याची धडकी भरायची. साहेब येईनासा झाला होता. त्याला गावाच्या रस्त्यावर अडवून परत पाठवलं होतं असं तिच्या कानावर आलं.

भादव्याचं ऊन पडायला लागलं, सकाळी जाड दव. आणि एका सकाळी तिला ते दिसलं.

लाल पुरळ. आधी एका पानावर. मग शेजारच्या. मग ती जिकडं बघेल तिकडं.

ती तिथंच सरीत खाली बसली. मग काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. ती उठली आणि पानं ओरबाडायला लागली. लाल दिसेल ते पान तोडायचं आणि ओच्यात कोंबायचं. कोणी बघायच्या आत. ओचा भरला, फुगला. तरी पानं संपेनात. एवढ्या ज्वारीची पानं ती किती तोडणार होती? ती थांबली. हातांना चिरा पडल्या होत्या. आपण काय करतोय हे तिला उमगलं तेव्हा तिला स्वतःचीच शरम वाटली.

विहिरीच्या अंगाला पंप पोचला नव्हता, त्या ज्वारीकडं ती धडपडत गेली. तिथंही तसंच लाल पुरळ होतं. कमी नाही, जास्त नाही. पण एवढ्यानं काय सिद्ध होणार? वाऱ्यानं आला म्हणतील. तिनं पदरानं घाम पुसायला हात वर नेला आणि ती थबकली. फिकट पातळाचा ओचा विटकरी लाल झाला होता. बोटंही लाल. हळद-कुंकू कालवावं तशी भुकटी नखांत बसली होती.

ती बांधाकडं गेली. करपलेल्या कुंद्याचं एक पान तोडलं आणि पदराच्या स्वच्छ टोकावर घासलं. मळकट करडा ओला डाग. लाल काही नाही. तिनं दुसरं घासलं, तिसरं घासलं. तेच. मग ती परत ज्वारीत गेली आणि जिथं पंप सगळ्यात जास्त मारला होता तिथं कुंद्यासारखा राखाडी लांबट ठिपका शोधत राहिली. ऊन डोक्यावर येईपर्यंत शोधत राहिली. एकही मिळाला नाही.

मान वर केली तर बांधावर भाईदास उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तिला पानं ओरबाडताना त्यानं बघितलं असेल, हे तिच्या लक्षात आलं. लपवण्यासारखं आता काही नव्हतं. ती त्याच्यासमोर गेली, ओच्यातली पानं बांधावर ओतली आणि एका हातानं लाल ओचा, दुसऱ्या हातानं पदर पसरून धरला.

"हाऊ जवारीना. हाऊ कुंदाना. देखा, नाना."

भाईदासनं वाकून बघितलं. एक बोट लाल डागावर फिरवलं.

"तांबेरा," तो म्हणाला. ज्वारीवरचा वेगळाच रोग, लाल भुकटीचा.

"मंग आमना रोग नही ना?"

बेबाबाईनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं, आणि तिला एक गोष्ट खटकली. त्याला नवल वाटलेलं नव्हतं. तो वळला आणि आपल्या ज्वारीतून निघून गेला.

तिनं चुडामणला सगळं सांगितलं. पानं ओरबाडल्याचंही सांगितलं. तो ऐकत राहिला, मग उठून वावरात गेला आणि खूप दिवसांनी कुंद्याच्या उतारावर फिरून आला. "बुडखा सडी गया," आल्यावर म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या चिरा पडलेल्या बोटांना खोबरेल लावलं.

दोघांना वाटलं, आता गावात कळेल. दसरा आला, गेला. नांगर घेऊन परत कोणी आलं नाही, पण हापशावर बोलणं अजून थांबतच होतं. चिंधा म्हैस न्यायला येत नव्हता. ज्वारी काढली, खुडली. दाणा बारीक भरला होता, भाईदासचाही आणि त्यांचाही. खळ्यावर धुरपदाबाई आली ती डोळ्यांना पदर लावतच.

"बेबे, मनाच्याने आते ऱ्हावायत नही. त्यासले माहीत व्हतं."

"काय?"

"ट्रॅक्टर लई उनात ना, त्याना पुढला बजारमा. भडगावले बठ्ठा लोके सांगत व्हतात. पाचोराकडे तांबेरा, पारोळाकडे तांबेरा. घर ईसन मले सांगं त्यासनी. मी म्हनं, मंग जाईसन सांगा चुडामणले. तर म्हनतस, आते कसं सांगू, गाव लई गयतू मी."

बेबाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. म्हणजे ती पहाटे उठून पान न् पान बघत होती, चुडामण कुंद्याकडं फिरकत नव्हता, ते सगळे दिवस भाईदासला माहीत होतं. तिला वाटलं असंच उठावं आणि पारावर जाऊन ओरडावं. पण तिचं ओरडणं गावानं कशाला खरं मानलं असतं?

दिवाळीनंतर निकुंभ साहेब आला, निरोप घ्यायला. काम बंद करा असं वरून आलं होतं आणि त्याची बदली कोकणात झाली होती. तो उतारावर फिरला. अर्ध्याहून जास्त कुंदा करडा होऊन आडवा पडला होता. उरलेला हिरवा, पण खुरटा. त्यानं एक मुळी उपटली, मोडली.

"पूर्ण मरणार नाही हा," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तेवढा नाही मेला. पण मुळी पोकळ झालीय. आत्ताच खोदा. उन्हाळ्यावर टाकू नका, तोवर तो पुन्हा सावरेल." बोटावरची जखम भरून तिथं पांढरा वण राहिला होता. "वहिनी, त्या दिवशी मला खात्री नव्हती."

"मले माहीत शे," बेबाबाई म्हणाली. "दिसनं व्हतं तुमना तोंडवर." आणि तिनं त्याला नव्या ज्वारीची भाकरी बांधून दिली.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी खोदायला घेतलं. जमिनीत अजून ओल होती. कुदळ शिरत होती. मुळ्या ओढल्या की तुटत होत्या कुठं कुठं, पण बहुतेक सालपटासारख्या निघून येत होत्या, आतून तपकिरी आणि भुसभुशीत. तरी उतार मोठा होता. कंबर धरत होती.

दुपार कलली तेव्हा भाईदास बांध उतरून आला. खांद्यावर कुदळ. कोणाला काही न विचारता तो ओळीच्या शेवटी गेला आणि त्यानं पहिला घाव घातला. चुडामण उभा राहून बघत राहिला. त्याच्या तोंडावर काय होतं ते बेबाबाईला दिसलं; थोरला भाऊ वावरात आला एवढ्यावरच त्याचं मन भरलं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर त्यानं भावाला पाणी नेऊन दिलं असतं.

ती भाईदासजवळ गेली. "तुमी खोदू नका, नाना."

कुदळ हवेत थांबली.

"आमनं काम आमी करसूत. तुमी पयले सांगा."

"काय सांगू?"

"तुमले माहीत शे काय ते."

भाईदासच्या मानेची शीर ताठ झाली. चुडामण पुढं यायला निघाला. तिनं हातानंच त्याला थांबवलं. वरच्या गाडरस्त्यानं वेचणीच्या बाया कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन गावाकडं चालल्या होत्या. त्यांत लताबाई होती. मागून चिंधा गुरं हाकत येत होता. तिघांना असं उभं बघून बायांची चाल मंदावली.

भाईदासनं त्यांच्याकडं बघितलं. मग जमिनीकडं. कुदळ त्यानं खाली ठेवली आणि दोन्ही हात तिच्या दांड्यावर टेकले. बेबाबाई हलली नाही.

"ओ लताबाई," त्यानं हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. "थांबा जराशा. बठ्ठ्या थांबा. चिंध्या, तू बी आयक."

बाया थांबल्या. गुरं पांगायला लागली.

"जवारीवरला रोग चुडामणना वावरना नही व्हता. तांबेरा व्हता. भडगावपाईन पारोळालगून बठ्ठीकडे व्हता." तो श्वास घ्यायला थांबला. "मले कयनं व्हतं. मी सांगं नही. मनी चूक शे."

लताबाईनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. मग एकेक करून त्या चालायला लागल्या. भाईदास तिथंच उभा होता, टोपीखालून घाम उतरत होता, आणि आता जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं.

बेबाबाईनं पदर डोक्यावर पुढं घेतला. ती आपल्या ओळीवर गेली, कुदळ उचलली आणि चुडामणच्या बाजूला थोडी सरकली. तिच्या डाव्या हाताला एका माणसाच्या कुदळीला लागेल एवढी जागा झाली. तिकडं न बघता तिनं घाव घातला.